नऊ नंबरची डिस्क

१२ मार्च २०२३, रविवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. भिलाईजवळच्या पद्मनाभपुरातल्या आमच्या घरी, माझ्या खोलीतल्या पडद्यावर या वेळी एक आकडा आला. मी तो पाहिला, खुर्ची मागे सरकवून उठले, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन चाचणी पुन्हा लावली. तो आकडा मी कुठेही लिहिला नाही. रामटेके काकांविषयी लिहायचे तर मला सुरुवात इथूनच करावी लागते. ज्या माणसाने माझ्या माहितीत एकही आकडा न लिहिता सोडला नाही, त्याची डिस्क त्या वेळी माझ्या टेबलावर होती.

शालिकराम रामटेके पोलाद कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागात होते. भट्टीचे तापमान मोजणारी उपकरणे नीट बोलतात की नाही, हे तपासण्यात त्यांची नोकरी गेली. माझे बाबा त्याच विभागात अधिकारी होते. बाबा त्यांना नुसते 'रामटेके' म्हणत आणि ते बाबांना 'साहेब' म्हणत. दोघेही निवृत्त झाले तरी यात फरक पडला नाही. मी संगणकशास्त्रात एम.एस्सी. करत असताना बाबा एकदा जेवताना म्हणाले की आमच्या सेक्शनचा रामटेके आता भिलाई-३ ला घर बांधून राहतो आणि परदेशातल्या लोकांबरोबर कॉम्प्युटरचे काहीतरी करतो म्हणे. त्यांच्या सुरात कौतुकापेक्षा गंमत अधिक होती. मी शोधले. एका मुक्त स्रोत स्टोरेज सर्व्हरच्या संहितेत, म्हणजे कोडमध्ये, सुधारणा करणाऱ्यांच्या यादीत, 'एस. रामटेके' हे नाव अकरा ठिकाणी होते. मला प्रकल्पासाठी विषय हवा होता आणि नोकरीसाठी अशा यादीत माझे नाव हवे होते. मी स्कूटी काढली.

दारातच त्यांनी घड्याळ पाहिले आणि मी बसण्यापूर्वी लॉगबुकात वेळ लिहिली. त्यांच्या पुढच्या खोलीत तीन जुने संगणक होते, भिंतीला लागून लोखंडी मांडणी होती आणि तिच्यावर बिस्किटांचा एक मोठा चौकोनी डबा होता. डब्यात डिस्का होत्या, प्रत्येकीवर रंगाने नंबर घातलेला. मी विचारले, या कशाच्या? ते म्हणाले, "खराब हाय सगळ्या." कबाड्याकडे जाऊन ते बिघडलेल्या डिस्का निवडून आणत. एखादी चुकून चांगली निघाली की विहारातल्या मुलांच्या संगणकासाठी देऊन टाकत. चहा घेऊन आलेल्या रामटेके काकूंनी हे ऐकले आणि कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "चांगल्या वाटून टाकते अन् बिघडलेल्या घरात ठेवते हा माणूस. मले इतके वर्षं घरात काहून ठेवलं, थे आत्ता समजलं." काका हसले नाहीत. त्यांनी काकूंच्या हातातला ट्रे मात्र घेतला.

काम समजावून देण्याची त्यांची पद्धत वेगळी होती. हा सर्व्हर जाळ्यावरच्या दुसऱ्या संगणकांना डिस्क पुरवतो. पलीकडच्या संगणकाला वाटते की आपल्याला स्वतःची डिस्क मिळाली. प्रत्यक्षात ती सर्व्हरमधली एखादी खरी डिस्क असते, म्हणजे ब्लॉक डिव्हाइस, नाहीतर डिस्क असल्याचे सोंग घेतलेली एक मोठी फाइल. दोघींशी वागण्याचे नियम वेगळे आहेत आणि संहितेतल्या बऱ्याच चुका दोघींना एकच समजल्यामुळे होतात. काकांची पहिली सुधारणा अशीच होती. एका जागी सर्व्हर डिस्कला तिची लांबी विचारत होता, पण फाइलला विचारतात त्या रीतीने, आणि उत्तर शून्य येत होते. काका म्हणाले, "फाइलले लांबी विचारा, थे सांगते. डिस्कले तोच सवाल त्याच पद्धतीनं विचारला तं थे शून्य म्हणते. थे खोटं नाई बोलून राहिली. सवाल चुकला आपला." हे वाक्य मी तेव्हा टिपून घेतले, प्रबंधात कुठेतरी वापरता येईल म्हणून.

लॉगबुकाचे रकाने त्यांनी स्वतः आखलेले होते: तारीख, वेळ, डिस्क, बोलले, सापडले, वाचणारा, फरक. 'बोलले' म्हणजे सर्व्हरने जितक्या ओळी लिहून झाल्याचे सांगितले तितक्या. मग संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा आणि डिस्कवर खरोखर किती ओळी आहेत ते मोजायचे. ते 'सापडले'. त्यानंतर वाचणाऱ्याने सही करायची आणि वजाबाकी सर्वांत शेवटी. वाचणाऱ्याचा रकाना फरकाच्या आधी का, असे मी विचारले. त्यांनी कारखान्यातून निवृत्तीच्या दिवशी मागून आणलेली पोलादी पट्टी त्या ओळीखाली धरली आणि सांगितले की फरक एकदा दिसला की माणसाचा हात आधीच्या आकड्यांकडे जातो. म्हणून सही आधी, वजाबाकी मग. मला हा नियम फार आवडला. मी तो मैत्रिणींना सांगितला. पाळला नाही.

वर्षभर दर शनिवारी मी तिथे जात असे. त्यांचे इंग्रजी ईमेल सूचनाफलकासारखे असत, कर्ता-क्रियापद-आकडा, आणि मी ते नीट करून देत असे. त्या बदल्यात ते मला त्यांची सगळी विद्या देत होते. या व्यवहारात कोण कोणावर उपकार करत आहे, याविषयी माझ्या मनात तेव्हा थोडा गोंधळ होता हे मान्य केले पाहिजे. बाबांच्या 'रामटेके'मधला काही भाग माझ्याही कानात होता.

त्या वर्षाच्या शेवटी काकांना त्यांची मोठी गोष्ट सापडली. तिच्यावर पुढचे सगळे उभे असल्यामुळे ती सांगते. प्रोग्राम डिस्कवर लिहायला सांगतो तेव्हा मजकूर आधी संगणकाच्या स्मृतीत थांबतो. तो खरोखर डिस्कवर उतरला का, हे वेगळे विचारावे लागते. उतरला नसेल तर यंत्रणा तसे सांगते, पण एकदाच. सांगून झाले की तिच्या लेखी प्रकरण मिटते. दुसऱ्यांदा विचारले तर ती 'सर्व ठीक' म्हणते आणि मजकूर कुठेच नसतो. हे काकांनी सहा नंबरच्या डिस्कवर पाहिले. त्या दिवशी ते खुर्चीवर बसेनात. खोलीत येरझारा घालत म्हणाले, "नोकरीभर मी पोरायले शिकवलं का पहिली रीडिंग सोडा, सुई थिरावू द्या. अन् इथं पायतो तं पहिलीच खरी. दुसऱ्यांदा विचारलं का थे आपलं मन राखते."

त्याच महिन्यात मी माझी पहिली सुधारणा पाठवली होती. सर्व्हरला लिहिण्यात अपयश आले की तो पलीकडच्याशी संबंध तोडत असे. मी सुचवले की लगेच तोडू नये. पुन्हा विचारावे, तीन वेळा, आणि तरीही नकार आला तरच तोडावे. माझ्या चाचण्यांत तुटण्याचे प्रमाण एकदम खाली आले. आलेख देखणा होता. प्रकल्पाची देखरेख करणाऱ्या बाईंनी आठवड्यात ती स्वीकारली आणि माझे नाव यादीत आले. पुण्याच्या एका कंपनीने त्याच आधारावर मला मुलाखतीला बोलावले.

काकांनी मला आधी सांगितले, मग प्रकल्पातले सगळे वाचतात त्या ईमेल-यादीवर लिहिले. माझी सुधारणा सर्व्हरला खोटे बोलायला शिकवते, असा त्याचा अर्थ होता. शब्द तसे नव्हते. पहिला नकार आला की थांबावे, डिस्क बंद करावी आणि पलीकडच्याला खरे सांगावे, असे त्यांचे म्हणणे होते. "थ्याले सांगतलं का तुहा मजकूर गेला, तं थो पुन्हा पाठवन. थ्याच्यापाशी असते अजून. नाई सांगतलं तं थो आपल्याकडचा पुसून टाकते." सोबत त्यांनी सहा नंबरच्या डिस्कची आकडेवारी जोडली होती. देखरेखीच्या बाईंनी सौजन्याने लिहिले की एकाच डिस्कवरचा एकच प्रयोग पुरेसा नाही, दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्रपणे पडताळावे. अशा खराब डिस्का कोणापाशी आहेत?

माझ्यापाशी, असे मी लिहिले. मुलाखत मंगळवारी होती.

काकांनी डब्यातून नऊ नंबर काढली. ही त्यांची सर्वांत जपलेली डिस्क. हिच्यातल्या खराब जागांना अजून कोणी हात लावलेला नव्हता. डिस्कमध्ये थोडी राखीव जागा असते. एकदा लिहिणे फसले की डिस्क ती खराब जागा कायमची वगळून राखीव जागा वापरते, म्हणून असा प्रयोग प्रत्येक डिस्कवर एकदाच होतो. त्यांनी ती रुमालात गुंडाळली आणि मला फाटकापर्यंत सोडायला आले. "पहिलीच घेजो," ते म्हणाले. "दुसऱ्या वेळी थे सावरून घेते."

तेव्हा माहीत नव्हते, असे मला म्हणता येत नाही.

रविवारी दहा चाळीसला पहिले वाचन आले. त्यानंतर मी तीन वाचने घेतली आणि तिन्हींत फरक शून्य आला. यादीवर लिहिताना मी प्रयोगशाळेची रीत वापरली: उपकरण स्थिरावण्यासाठीचे प्राथमिक वाचन वगळून तीन वाचने घेतली, फरक शून्य. वाक्य निर्दोष होते. काकांनी आयुष्यभर मुलांना शिकवलेला नियमच मी त्यांच्याविरुद्ध वापरला, आणि तो वापरताना मला त्याची जाणीव होती. दुपारपर्यंत उत्तर आले. आभार, विषय बंद. काकांनी खाली एकच शब्द लिहिला, 'नोटेड'. कारखान्यात वरून कागद आला की त्याच्यावर हाच शब्द लिहून सही करायची पद्धत होती, हे मला बाबांमुळे ठाऊक होते.

सोमवारी मी डिस्क परत केली, ती काकू एकट्या असतील अशी वेळ साधून. मंगळवारी मुलाखत झाली. बुधवारी निवड कळली.

गुरुवारी संध्याकाळी काका आमच्या घरी आले. एवढ्या वर्षांत ते प्रथमच येत होते. बाबांनी "या रामटेके, बसा" म्हटले आणि ते दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसले. पेढ्यांचा डबा उघडाच होता. बाबांनी माझ्या नोकरीची बातमी सांगितली, पगारासकट. काकांनी पेढा कागदात बांधून खिशात ठेवला, काकूंसाठी. मग ते माझ्याकडे वळले. आवाज नेहमीचाच होता, वाचन विचारताना असे तसा.

"बेटा, पहिल्यांदा फरक आलता का?"

बाबा दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. मी म्हणाले, "नाही काका."

त्यांनी मान हलवली. पाणी प्यायले, ग्लास टेबलावर ठेवताना खाली रुमाल ठेवला, बाबांना नमस्कार केला आणि निघाले. फाटकाबाहेर त्यांची मोपेड लवकर सुरू होईना. मी खिडकीतून पाहत होते. बाहेर जाण्याइतका वेळ निश्चितपणे होता. मी मोजला नाही, एवढेच.

"कशाचा फरक?" बाबांनी विचारले. कामाचे काहीतरी, असे मी सांगितले.

जूनमध्ये पुण्याला निघण्यापूर्वी मी त्यांना भेटायला गेले. पुढच्या खोलीतले संगणक जाऊन तिथे दिवाण आला होता. बिस्किटांचा डबा मांडणीच्या वरच्या फळीवर, झाकण लावून. काकू म्हणाल्या की आता ते सकाळी विहारात जातात, मुलांना गणित शिकवतात, घरी आले की पेपर वाचतात, आणि डोळ्यांत पाणी येते म्हणून तेही फार वेळ नाही. शेवटचे वाक्य त्यांनी थोडे थांबून म्हटले होते. मी त्यावर काही विचारले नाही. माझी गाडी दुसऱ्या दिवशी होती आणि डोक्यात सामानाची यादी होती.

काका बाहेर आले. मी विचारले, "काका, तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"नाई व. सब ठीक हाय."

हे उत्तर ऐकून मला हलके वाटले. लिहिताना सर्वांत जास्त लाज वाटते ती याची. दुसऱ्यांदा विचारल्यावर येणाऱ्या 'सर्व ठीक'ची किंमत काय असते, हे ज्या दोन-चार माणसांना त्या गावात माहीत होते, त्यांतली मी एक होते. शिवाय मी विचारलेला प्रश्नही चुकीचा होता. ते रागावले होते की नाही, हा मुद्दाच नव्हता.

पुण्यात माझे चांगले चालले. सतरा महिन्यांनी प्रकल्पाच्या यादीवर कोणा दुसऱ्या देशातल्या मुलाने तीच गोष्ट शोधून काढली. त्याच्यापाशीही एक खराब डिस्क होती. माझी सुधारणा काढून टाकली गेली आणि काकांनी सांगितले होते तेच तिच्या जागी आले: पहिला नकार, थांबा, खरे सांगा. श्रेय त्या मुलाच्या नावावर. मला कोणी दोष दिला नाही. अशा चुका होतात, असे देखरेखीच्या बाईंनी लिहिले. ते वाचून मला जे वाटले त्याला सुटका म्हणता येईल, आणि ती दोन दिवस टिकली.

मग यादीवर खरे काय ते सांगणारे पत्र लिहायला मला जवळजवळ एक वर्ष लागले. पडताळणीत पहिल्या वाचनाला फरक शून्य नव्हता, तो मी जाणूनबुजून वगळला, आणि हा दोष प्रथम रामटेके यांनी दाखवला होता, एवढेच त्यात होते. माझ्या कार्यालयातल्या दोघांनी ते वाचले आणि नंतर माझ्याशी जरा जपून बोलू लागले. बाईंनी प्रकल्पाच्या इतिहासाच्या पानावर रामटेके यांच्या नावाची एक ओळ वाढवली. मी ते पान छापून घेतले आणि गेल्या नोव्हेंबरात भिलाईला आले.

काका अंगणात उन्हाकडे पाठ करून बसले होते. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, काकू म्हणाल्या. साखरेने डोळ्यांचे आतले पडदेच गेले आहेत आणि आता उजेड-सावली तेवढी कळते. मी स्वतःची ओळख सांगणार तोच ते म्हणाले, "देर झाली बेटा. किती वाजले?" चार वाजून पाच मिनिटे, मी सांगितले.

मी त्यांना पान वाचून दाखवले, आधी इंग्रजीत, मग मराठीत. त्यांनी ते हातात घेतले, अंगठ्याने कागदाची जाडी पाहिली आणि घडी करून खिशात ठेवले. मी जे बोलायचे ठरवून आले होते ते बोलायला लागले. त्यांनी मध्येच थांबवले.

"फरक होता, हे तं मले डिस्कनंच सांगतलं होतं. थे आपली वही आपल्यापाशी ठेवते. किती जागा वगळल्या, अन् चालू झाल्यावर कितव्या तासाले वगळल्या, सारं. तू काकूपाशी देऊन गेली, मी त्याच दिवशी वाचली."

म्हणजे त्या गुरुवारी दाराजवळच्या खुर्चीवर बसून प्रश्न विचारला तेव्हा त्यांना उत्तर माहीत होते.

"पण ओळी किती गेल्या, थे डिस्कले नाई समजत," ते म्हणाले. "आकडा कोठी हाय?"

त्यांनी काकूंना वही आणायला सांगितली. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. ते पान त्यांनी बोटांनी उघडले, चाचपून पट्टी एका ओळीखाली लावली आणि वही माझ्याकडे वळवली. ओळ त्यांच्याच अक्षरात सुरू झाली होती, अडीच वर्षांपूर्वीच्या शाईत: १२ मार्च २०२३. वेळ दहा ते अकरा, डिस्कच्या तासांवरून आणि माझ्या ईमेलच्या वेळेवरून काढलेली. डिस्क नऊ. पुढचे चार रकाने रिकामे होते. त्याखालीही काही लिहिलेले नव्हते. त्या ओळीनंतर वही पुढे गेलीच नव्हती.

"मी कसा लिहीन?" ते म्हणाले. "वाचणारी तू होती."

काकू आत चहा ठेवायला गेल्या. मी पर्समधून पेन्सिल काढली. त्यांना ती दिसली नसणार. आवाजावरून कळली असावी. "पेनानं," ते म्हणाले आणि शर्टाच्या खिशातले पेन काढून दिले.

त्यांचा एक हात पट्टीवर होता, ती हलू नये म्हणून. डोळे माझ्याकडे नव्हते. फाटकाकडे, जिथे उजेड जास्त होता तिकडे होते, आणि मान किंचित कलती, पेनाचा आवाज ऐकण्यासाठी. मी त्यांना अखेरचे पाहिले ते असे. फेब्रुवारीत ते गेले, तेव्हा मी पुण्यात होते.

बोलले: ५०००. सापडले: ४९८३. मग सही केली, नियमाप्रमाणे. मग वजाबाकी.

फरक: १७.